प्रारणाचे मानवी पेशींवर व आरोग्यावर होणारे परिणाम

क्ष-किरण, गॅमा किरण, अल्फा कण व बीटा कण यांच्यात अणूंमधील इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा असते. म्हणून त्यांना आयनीकारी प्रारण म्हणतात. या प्रारणामुळे पेशींतील डीएनएला इजा होते. परिणामाचे स्वरूप प्रारणाची मात्रा, ती मिळण्याचा कालावधी आणि बाधित अवयव यांवर अवलंबून असते. दर किलोग्रॅम ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेल्यास ती मात्रा एक ग्रे होय. जैविक परिणाम लक्षात घेऊन मोजलेल्या मात्रेचे एकक सीव्हर्ट आहे.

पेशींवरील परिणाम

प्रारण डीएनएचे धागे थेट तोडते किंवा पेशीतील पाण्याचे विघटन करून मुक्त मूलके निर्माण करते आणि ती डीएनएवर आघात करतात. एकच धागा तुटल्यास पेशी तो सहसा अचूक दुरुस्त करते. दोन्ही धागे एकाच जागी तुटल्यास दुरुस्ती सदोष होण्याचा संभव वाढतो. अशी पेशी मरते, तिचे विभाजन थांबते किंवा जनुकीय बदलासह ती जिवंत राहते.

अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर व केसांची मुळे यांतील वेगाने विभाजित होणाऱ्या पेशी अधिक संवेदनशील असतात. विभाजनावरील या परिणामाचा उपयोग कांद्याच्या साठवणुकीत होतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व नाशिक हे कांदा पिकवणारे शेजारी जिल्हे आहेत. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथील ‘कृषक’ केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याच्या अंकुरातील पेशींचे विभाजन रोखले जाते. त्यासाठी साधारण ६० ते ९० ग्रे मात्रा लागते. असा कांदा किरणोत्सर्गी होत नाही.

आरोग्यावरील परिणाम

निश्चित परिणाम ठरावीक मात्रेनंतरच दिसतात. संपूर्ण शरीरास अल्पावधीत एक ग्रेहून अधिक मात्रा मिळाल्यास मळमळ, उलट्या व रक्तपेशींची घट होते. सुमारे चार ग्रे मात्रेनंतर उपचार न मिळाल्यास निम्मे बाधित दगावू शकतात. एवढ्या ऊर्जेने शरीराचे तापमान जेमतेम एक हजारांश अंश वाढते. हानी उष्णतेमुळे नव्हे, तर आयनीभवनामुळे होते.

संभाव्य परिणामांत कर्करोग मुख्य आहे. मात्रेनुसार त्याची तीव्रता नव्हे, तर शक्यता वाढते. १९४५ मधील हिरोशिमा व नागासाकी येथील अणुबाँब हल्ल्यांतून वाचलेल्यांत रक्ताचा कर्करोग काही वर्षांतच, तर इतर अवयवांचे कर्करोग त्यानंतर अनेक वर्षांनी वाढलेले आढळले. गर्भ व लहान मुले अधिक संवेदनशील असतात.

वैद्यकीय उपयोग

किरणोपचारात अर्बुदावर प्रारण केंद्रित केले जाते. एकूण मात्रा बहुधा दररोज सुमारे दोन ग्रे अशी विभागून देतात. मधल्या काळात निरोगी पेशींना दुरुस्तीस अवसर मिळतो. तुर्भे (मुंबई) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी यंत्र विकसित केले.

छातीच्या क्ष-किरण तपासणीत सुमारे ०.१ मिलीसीव्हर्ट किंवा त्याहून कमी, तर पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण १० मिलीसीव्हर्ट मात्रा मिळते. नैसर्गिक प्रारणाची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलीसीव्हर्ट आहे.

संरक्षण व नियमन

संपर्काचा कमी वेळ, स्रोतापासून अधिक अंतर आणि शिसे किंवा काँक्रीटचा अडसर ही संरक्षणाची मुख्य साधने आहेत. भारतात १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ (मुंबई) मर्यादा ठरवते. प्रारणक्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी ती पाच वर्षांच्या सरासरीने वार्षिक २० मिलीसीव्हर्ट, तर सर्वसामान्यांसाठी एक मिलीसीव्हर्ट आहे. रुग्णाच्या तपासणीस ही मर्यादा लागू नसते. तेथे अपेक्षित लाभ संभाव्य हानीपेक्षा अधिक असणे, हाच निकष असतो. त्यामुळे गर्भवती स्त्रीने तपासणीपूर्वी डॉक्टरांना तशी कल्पना देणे आवश्यक ठरते.