पाण्याच्या घागरीपाशी लागलेली कसोटी

रायपूर शहराच्या जुन्या भागात ब्राह्मणपारा नावाची वस्ती आहे. ‘पारा’ म्हणजे आपल्याकडील आळी. जवळच तात्यापारा आहे; ते नाव तर मराठी कानाला घरचेच वाटते. अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला, आणि कारभाराच्या व पुढे नोकरीच्या निमित्ताने मराठी घरे या मुलखात स्थिरावली. त्यांच्याबरोबर त्यांचे देवघर आणि त्यांचे सोवळेही आले. अशा घरांत वाढलेल्या माणसाला उपासना म्हणजे काय, हा प्रश्न नव्याने पडावा, ही साधी गोष्ट नव्हे. रायपूरच्या पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या राजनांदगावी जाणाऱ्या एका मराठी कवीला तो पडला.

हे कवी म्हणजे नारायण वामन टिळक. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९३ च्या सुमारास नागपूरहून ते राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले. आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले. त्या गृहस्थाने निरोप घेताना ‘नवा करार’ हातात ठेवला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. दिलेला शब्द पाळावा, एवढ्याच भावनेने टिळकांनी वाचन सुरू केले. परंतु डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ग्रंथ खाली ठेववेना. शत्रूवरही प्रेम करावे, दान गुप्तपणे द्यावे, नैवेद्याआधी दुखावलेल्या भावाची समजूत काढावी, असे सांगणारी ती शिकवण होती. पूजेचा मार्ग तेथे माणसाच्या दारावरून जात होता.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. आप्त तुटले, पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा काही वर्षे दुरावले. धर्मांतर एका दिवसात झाले, हे खरे. पण अंतःकरणाचे परिवर्तन कसे घडते, हे पाहायचे तर लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’कडेच वळावे लागते.

सोवळ्याचे पराकोटीचे वेड असलेल्या वडिलांच्या घरी त्या वाढल्या होत्या. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे राखले. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. हा संयम मला त्यांच्या कोणत्याही उपदेशाहून मोठा वाटतो. पुढे एके दिवशी बाईंच्या मनात विचार आला, की जाती देवाने केल्या की माणसांनी? त्या विचाराचा शेवट त्यांनी स्वतःच गाठला, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे असा निश्चय केला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्या निश्चयाने उपासना आधीच घरात आली होती. पुढे दुष्काळाने पोरकी झालेली मुले त्यांच्या घरी आली, आणि ज्या हातांनी एके काळी विटाळ टाळला होता, त्याच हातांनी त्या मुलांना जेवू घातले.

टिळकांनी या अंतरीच्या बदलाला मराठी वाणी दिली. परक्या चालींवर बसविलेली भाषांतरित गीते ओठांवरच राहतात, हे त्यांनी ओळखले. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळक त्या वाटेने पुढे गेले, आणि अभंग, ओवी, भजन यांतून त्यांनी ख्रिस्ताला आळविले. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचविले, असे ते मानीत. त्यांची पदे मराठी ख्रिस्ती मंडळी आजही गातात.

तरीही त्यांचे समाधान झाले नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहिले आणि ‘देवाचा दरबार’ त्यांनी मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले.

श्रोतेहो, देऊळ असो, मशीद असो वा ख्रिस्तमंदिर असो, प्रार्थना संपली की आपण घरी परततो. दारात तहानलेला कोणी उभा असतो. त्याची जात विचारण्याआधी आपला हात घागरीकडे जातो का, एवढेच प्रत्येकाने स्वतःशी पाहावे.