दिनविशेष, २६ मार्च : बावीसपैकी एकवीस

१९७३ : अमेरिकेतील सेंट लुइस येथे महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात यूसीएलएने मेम्फिस स्टेटवर ८७-६६ अशी मात केली. मध्यंतराला ३९-३९ बरोबरी होती आणि यूसीएलएचा उंचपुरा सेंटर बिल वॉल्टन फाउलमुळे अडचणीत आला होता. पण उत्तरार्धात त्याला आवरणे मेम्फिसला जमले नाही. त्याचे २२ पैकी २१ शॉट बास्केटमध्ये गेले; दोन फ्री थ्रो धरून ४४ गुण, शिवाय १३ रिबाउंड! तेव्हा महाविद्यालयीन सामन्यांत डंक करण्यास बंदी होती, हे ध्यानात घेतले की ही अचूकता अधिकच थक्क करते. वॉल्टनच्या आकड्यांमागे ग्रेग लीचे १४ असिस्ट आहेत, आणि त्यांचा उल्लेख व्हायलाच हवा. नेमक्या जागी, नेमक्या उंचीवर चेंडू पोहोचवणारा तोच. पराभूत संघाकडून लॅरी फिंचने २९ गुणांची झुंज दिली. यूसीएलएचा हा सलग ७५ वा विजय, तर प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या मार्गदर्शनाखालील सलग सातवे विजेतेपद. पुरुषांच्या अंतिम सामन्यातील वॉल्टनचा ४४ गुणांचा विक्रम पन्नास वर्षांनंतरही अबाधित आहे.