पहिला कोण मरतो? विज्ञानपटांचे पुढचे भाग आणि वास्तवाचा प्रश्न

"डोकं बाजूला ठेवून सिनेमा बघा" हा सल्ला आपल्याकडे फार उदारपणे दिला जातो. डायनासोर, रोबो, परग्रहावरचे प्राणी यांच्या सिनेमाचा दुसरा-तिसरा भाग आला आणि कुणी त्याबद्दल प्रश्न विचारला की हे ठेवणीतले उत्तर हजर असते. शिरूर आणि दौंड तालुक्यांत तरुणांबरोबर काम करताना आम्ही हा वाद अनेकदा ऐकला आहे. हिंदीत डब केलेले हे सिनेमे आता प्रत्येकाच्या मोबाईलवर आहेत. एक गट म्हणतो, "असं कधी होतं का? काहीही दाखवतात." दुसरा गट म्हणतो, "मजा घ्या, भूगोलाचा तास आहे का हा?"

आमचे म्हणणे असे आहे की हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. डायनासोर पुन्हा जन्माला घालता येईल की नाही, हा विज्ञानपटातल्या वास्तवाचा प्रश्न नाही. तेवढी सूट प्रेक्षक तिकीट काढतानाच देतो. खरा प्रश्न वेगळा आहे. त्या राक्षसाच्या तडाख्यात पहिला कोण मरतो? आणि त्याच्या मरणाचा हिशेब तो सिनेमा ठेवतो का? या एका कसोटीवर विज्ञानपटांचा सत्तर वर्षांचा इतिहास तपासून पाहा. वास्तव कुठे होते आणि कुठे हरवले, हे आपोआप समोर येते.

सुरुवात जपानपासून करू. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. त्या स्फोटाची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ मच्छीमार होते. सगळे आजारी पडले आणि त्यांतला एक त्याच वर्षी दगावला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'गॉडझिला' हा सिनेमा पडद्यावर आला. समुद्राच्या तळातून अणुचाचणीने जागा झालेला अजस्र प्राणी, म्हणजे शुद्ध कल्पना. पण सिनेमाची सुरुवात पाहा. आधी एक जहाज बुडते, खलाशी मरतात आणि त्यांचे नातेवाईक कचेरीत जमून आपल्या माणसांचा ठावठिकाणा विचारतात. पुढे टोकियो जळते तेव्हा कॅमेरा रुग्णालयात जातो, किरणोत्साराने बाधित झालेली लहान मुले दाखवतो. प्राणी खोटा, पण त्याने मारलेली माणसे खरी. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा दहाही वर्षे झाली नव्हती. प्रेक्षकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग पुढचे भाग आले. दुसरा भाग १९५५ मध्येच आला. १९६२ मध्ये गॉडझिलाची किंगकाँगशी कुस्ती लावली गेली. १९६५ च्या भागात तर तो जिंकल्यावर चक्क उड्या मारून नाचतो. हळूहळू तो लहान मुलांचा लाडका रक्षक झाला. शहरे प्रत्येक भागात कोसळत राहिली, फक्त त्या इमारतींत माणसे असतात हे सिनेमा विसरून गेला.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे तुमचा मजेलाच विरोध आहे. तसे नाही. १९७१ मध्ये याच मालिकेत एक भाग आला. त्यात कारखान्यांच्या सांडपाण्यातून आणि धुरातून वाढलेला हेडोरा नावाचा राक्षस आहे. मिनामाताच्या पाऱ्याने आणि योक्काइचीच्या धुराने जपानी माणसे मरत होती, तो हा काळ. त्या सिनेमात गॉडझिला तोंडातून किरण सोडत उलटा उडतो. याहून अतिरंजित काय असू शकते? तरीही तो सिनेमा मेलेल्या माणसांना विसरत नाही. मजा आणि वास्तव एका ताटात जेवू शकतात, हे तिथेच सिद्ध झाले आहे.

दुसरा पुरावा हॉलिवूडचा. १९७९ च्या 'एलियन'मध्ये अंतराळातले जहाज हे एक मालवाहू जहाज आहे. त्यावरचे दोन यंत्र-कामगार पहिल्यापासून तक्रार करतात की बोनसमध्ये आम्हाला पूर्ण वाटा का नाही. नंतर उघड होते की कंपनीला तो भयंकर प्राणी हवा आहे आणि त्यासाठी कर्मचारी मेले तरी चालतील असा गुप्त आदेश आहे. १९८६ मध्ये जेम्स कॅमेरॉनने 'एलियन्स' हा पुढचा भाग काढला. एका प्राण्याऐवजी शेकडो प्राणी, बंदुका, स्फोट, सैनिक. सगळा धुडगूस. पण मूळ प्रश्न त्याने सोडला नाही. वसाहतीतली कुटुंबे मेली ती कंपनीच्या एका माणसाने नफ्यासाठी त्यांना न सांगता त्या जागी पाठवले म्हणून, हे तो ठणकावून सांगतो. पुढचा भाग मोठा झाला म्हणून बिघडतो असे नाही. माणूस लहान झाला की बिघडतो.

आता 'जुरासिक पार्क' घ्या. १९९३ चा हा सिनेमा हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला आणि गावोगावी पोहोचला. त्यात डायनासोर प्रत्यक्ष दिसतात ते जेमतेम १५ मिनिटे. पहिल्याच प्रसंगात पिंजरा उतरवताना एक कृष्णवर्णीय कामगार मरतो. संपूर्ण कथा त्या मरणावर उभी आहे. त्याच्या कुटुंबाने २ कोटी डॉलरचा दावा लावला म्हणून गुंतवणूकदार घाबरतात, म्हणून वकील येतो, म्हणून शास्त्रज्ञांना तपासणीला बोलावले जाते. मालकाच्या दृष्टीने ती कागदपत्रांची कटकट आहे, पण सिनेमा त्या मरणाला परिणाम देतो.

२०१५ च्या 'जुरासिक वर्ल्ड'मध्ये काय झाले? लोकांना साधे डायनासोर बघून कंटाळा आला म्हणून उद्यानाचे मालक प्रयोगशाळेत त्याहून मोठा, त्याहून हिंस्र प्राणी तयार करतात. सिनेमावाले स्वतःचीच गोष्ट सांगत होते म्हणायचे! या भागाने १६० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. त्यात साहेबबाईंच्या भाच्यांना सांभाळायचे काम गळ्यात पडलेली एक सहायक तरुणी आहे. उडणारे प्राणी तिला उचलतात, एकमेकांकडे फेकतात, पाण्यात बुडवतात. प्रसंग लांबवत नेलेला आहे, टाळ्यांसाठी. नंतर तिची कुणी विचारपूसही करत नाही. एका कामगाराच्या मरणाने सुरू झालेली मालिका बावीस वर्षांत एका कर्मचाऱ्याच्या मरणाच्या गमतीवर आली.

आपल्या देशातही हेच घडले. शंकर यांचा 'रोबोट' २०१० मध्ये आला. तमिळमध्ये 'एन्दिरन'. रजनीकांत एकटाच शेकडो रजनीकांत होतो, त्यांचा साप होतो, गोळा होतो. अतिरंजित म्हणजे किती? पण त्या सिनेमाच्या मध्यावर एक प्रसंग आहे. आगीत सापडलेल्या, अंघोळ करत असलेल्या मुलीला रोबो तसाच उचलून लोकांसमोर आणतो. ती लाजेने पळत सुटते आणि गाडीखाली मरते. ती मरण पत्करते ते बाईच्या देहाला घराण्याची अब्रू मानणाऱ्या समाजामुळे. सिनेमा तिथपर्यंत जात नाही, ही त्याची मर्यादा. पण ते मरण तो विसरतही नाही. यंत्राला भावना नाहीत, हा दोष त्याच मरणातून उघड होतो आणि पुढची सगळी कथा तिथून वळते.

२०१८ मध्ये '२.०' आला. सुरुवातीलाच एक वृद्ध पक्षीतज्ज्ञ मोबाईलच्या मनोऱ्याला गळफास घेतो. केवढा मोठा प्रश्न! पण पुढे त्या माणसाचे भूत होते, भुताचा राक्षसी पक्षी होतो, आणि स्टेडियममध्ये रोबो त्याला लोळवतो. मनोऱ्यांच्या लहरींनी पक्षी मरतात हे विज्ञानाने सिद्ध केलेले नाही. मोबाईल कंपन्यांच्या संघटनेने प्रदर्शनाआधी सेन्सॉर मंडळाकडे तक्रारही केली होती. आमचा आक्षेप मात्र दुसरा आहे. ज्याची तक्रार होती त्यालाच खलनायक करून मारले की तक्रार निकाली निघते. ही युक्ती सिनेमाने शोधलेली नाही. हक्क मागणाऱ्याला आधी राक्षस ठरवायचे आणि मग त्याच्या वधाचा उत्सव करायचा, ही या देशातली जुनी रीत आहे. महात्मा फुल्यांनी बळीराजाच्या कथेतून ती उघडी पाडली होती.

त्याच वर्षी, त्याच रजनीकांतचा 'काला' आला. पा. रंजित यांचा धारावीवरचा सिनेमा. तो विज्ञानपट नाही, पण शेवट पाहा. रंगांची उधळण, ढोल, नाच. पुरेपूर मसाला. तरीही झोपडीतल्या माणसाची जमीन हा प्रश्न एका क्षणासाठीही सुटत नाही. एकच नट, एकच वर्ष, एकच धमाल. फरक फक्त हिशेबाचा.

हे सगळे शिरूर-दौंडच्या माणसाने कशाला तपासायचे? कारण या पट्ट्यात प्राण्याच्या तडाख्याची गोष्ट पडद्यापुरती उरलेली नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत काही आठवड्यांत तीन माणसे गेली. त्यांत दोन मुले होती. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी एका बिबट्याला गोळी घालावी लागली. पिंपरखेडची माणसे गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जातानाची छायाचित्रे देशभर पोहोचली. एखाद्या विज्ञानपटातले दृश्य वाटावे अशी ती छायाचित्रे होती, आणि अनेकांनी ती तशीच पाहिली. बघितली, पुढे पाठवली, विसरली.

पण हिशेब मांडला तर काय दिसते? पाटपाणी आले, ऊस वाढला, उसात बिबट्या राहू लागला. शेतीची वीज रात्री मिळते, म्हणून शेतकऱ्याला अंधारात पाणी द्यायला जावे लागते. गाळप हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड कामगार येतात. त्यांत भूमिहीन, दलित, भटके-विमुक्त मोठ्या संख्येने असतात. ते फडाच्या कडेला कोप्या घालून राहतात. त्या कोपीला दार नसते. आईबाप पहाटे कोयता घेऊन निघतात आणि लेकरू मागे राहते. बिबट्या जात बघत नाही, हे खरे. पण त्याच्या वाटेवर कुणाची झोपडी असेल, हे व्यवस्था ठरवते.

दौंडकडे वळा. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. तिथे आग लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. बातमीत ज्वाळांचे चित्रण असते, धुराचे लोट असतात. आत कंत्राटी कामगार किती होते, त्यांना काय प्रशिक्षण होते, हे शोधावे लागते. 'एलियन'मधली कंपनी काय आणि ठेकेदारी काय, प्रश्न एकच आहे: कुणाचा जीव खर्चात धरलेला आहे?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच विरोधाभास मांडला होता. राजकारणात प्रत्येक माणसाचे मूल्य समान मानायचे आणि सामाजिक-आर्थिक जीवनात ते नाकारायचे, हे किती दिवस चालवणार, असा तो प्रश्न होता. सिनेमा हे त्याच सामाजिक जीवनाचे अंग आहे. सवयीने माणसाचे मरण गंमत म्हणून पाहणारा डोळा पेपरातली तिसऱ्या पानावरची बातमीही तशीच पाहतो.

म्हणून आम्ही मजेच्या विरोधात नाही. आपली परंपराच तशी नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाची चौकट घेतली, सोंगाड्याची टवाळी ठेवली आणि ती भटजी-सावकाराकडे वळवली. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने लोकांना पोट धरून हसवत पाण्याचा आणि मंदिराचा प्रश्न गावोगाव नेला. अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाचे लोकनाट्य केले. यांपैकी कुणीही लोकांना डोके बाजूला ठेवायला सांगितले नाही. हसता हसता विचार करता येतो यावर त्यांचा विश्वास होता. ज्यांना शतकानुशतके शाळेबाहेर ठेवले त्यांना पुन्हा डोके बाहेर ठेवून आत या म्हणणे, हा करमणुकीचा सल्ला नाही, तो अपमान आहे.

आणि बाजारही काही एकाच बाजूला झुकलेला नाही. मार्च २०२४ मध्ये 'गॉडझिला मायनस वन' या जपानी सिनेमाला दृश्य-परिणामांचे ऑस्कर मिळाले. युद्धानंतरच्या उद्ध्वस्त माणसांची ती गोष्ट आहे. सत्तर वर्षांनी गॉडझिला पुन्हा त्या खलाशांच्या नातेवाईकांपाशी आला. त्याच महिन्यात गॉडझिला आणि काँग खांद्याला खांदा लावून लढतात असा हॉलिवूडचा धमाल भागही आला. दोन्ही चालले. दोन्ही पाहा, शिट्ट्या मारा.

फक्त पहिला माणूस मरेल तेव्हा त्याच्याकडे नीट बघा. त्याचे नाव सांगितले का? त्याचे काम काय होते? त्याच्या घरी कुणी कळवले का? पुढचा भाग त्याला विसरला असेल, तर आपण विसरायचे नाही. पडद्यावर ही सवय लागली, तर उसाच्या फडात आणि कारखान्याच्या गेटवरही ती कामी येईल.

जय भीम!