स्मृतीची झोळी

नोव्हेंबर महिना उजाडला, की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील कुटुंबे परलोकवासी आप्तांच्या नावांची यादी घेऊन आम्हां धर्मगुरूंकडे येतात. मिस्सा ठरते आणि मग कुणीतरी संकोचाने विचारते, "फादर, बाबांच्या नावाने गरिबांसाठी निधी उभारावा म्हणतो, पण दुःखाच्या नावाने लोकांपुढे हात पसरणे बरे दिसेल का?" शंका प्रामाणिक आहे. तिचे उत्तर शोधताना आम्हांला इतिहासाचा आधार घ्यावासा वाटतो.

मृतांसाठी वर्गणी ही आजकालची चाल नव्हे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबीची हकिकत येते. रणात पडलेल्या आपल्या सैनिकांसाठी त्याने माणसामाणसाकडून वर्गणी जमवली आणि सुमारे २००० रौप्य द्राख्मा पापार्पणासाठी यरुशलेमला धाडले. मृतांच्या पुनरुत्थानावर त्याची श्रद्धा होती, म्हणूनच त्याने हे केले, असे ग्रंथकार आवर्जून सांगतो.

चौथ्या शतकात या स्मरणाला गरिबांची दिशा मिळाली. संत मोनिका आपल्या आफ्रिकी रीतीनुसार रक्तसाक्षींच्या थडग्यांवर अन्न व द्राक्षारस नेत असे. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी ती प्रथा बंद केली, तेव्हा तिने कुरकुर केली नाही. तेच दान ती गोरगरिबांना देऊ लागली. त्याच शतकाच्या अखेरीस रोमचा धनिक पम्माखियुस याची पत्नी पावलिना निवर्तली. त्याने संत पेत्राच्या महामंदिरात रोमच्या दरिद्री जनांना जेवू घातले. थडग्यावरचे अन्न असे भुकेल्याच्या पानात आले.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर अधिक जवळचे आहे. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, बंदिवासातच, कस्तुरबा गांधींनी देह ठेवला. तो महाशिवरात्रीचा दिवस होता. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी दरवर्षी याच तिथीला मोठी जत्रा भरते, हे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. कस्तुरबांच्या स्मरणार्थ देशभर निधीचे आवाहन झाले. त्या वर्षी २ ऑक्टोबरला गांधीजींना ७५ वर्षे पूर्ण होणार होती, म्हणून उद्दिष्ट ठरले ७५ लाख रुपयांचे. लोकांनी ते ओलांडले. मात्र मे महिन्यात सुटून आलेल्या त्या पतीचा आग्रह स्पष्ट होता: हा पैसा खेड्यांतील स्त्रिया व बालके यांच्यासाठीच खर्च व्हावा आणि ते काम स्त्रियांनीच चालवावे. ठक्करबाप्पा निधीचे चिटणीस झाले. पुढे इंदूरजवळ कस्तुरबाग्राम उभे राहिले. महाराष्ट्रात प्रेमा कंटक यांनी सासवडहून हे कार्य केले. बेताचेच अक्षरज्ञान लाभलेल्या एका स्त्रीच्या नावाने खेड्यापाड्यांतल्या मुली सेविका म्हणून शिकून तयार झाल्या. याहून उचित स्मारक कोणते?

आता आपल्या भूमीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित बांधव आले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांच्या वाडवडिलांच्या साऱ्या खुणा सीमेपलीकडे राहिल्या. वेगळ्या कारणांनी का होईना, आपल्यापैकी अनेकांचेही तसेच आहे. गोवा, मंगळूर, केरळ, वसई येथून पोटासाठी आलेल्या कुटुंबांच्या आजी-आजोबांच्या कबरी गावाकडच्या चर्चच्या आवारात आहेत. तेथे मेणबत्ती लावायला दरवर्षी जाणे जमत नाही. ज्याची कबर दूर, त्याची आठवण शेजाऱ्याच्या अंगणातच रुजवावी लागते. २६ जुलै २००५ च्या महापुराने उल्हास नदीकाठच्या वस्त्यांना शेजारधर्माचे मोल पुरते शिकवले आहे.

म्हणून त्या संकोचलेल्या मुलाला आम्ही सांगतो: बाळा, अवश्य माग, पण काही पथ्ये पाळ. आधी काम ठरव, मग झोळी पुढे कर. एखाद्या रुग्णाचे औषध असो वा शाळकरी मुलीची फी, देणाऱ्याला ते ठाऊक असावे. हिशेब पैपैचा ठेव आणि लोकांसमोर वाचून दाखव. विधवेच्या दोन दमड्यांना प्रभूने जो मान दिला, तोच तूही दे. देणगीदारांची उतरंड लावू नकोस. कर्ज काढून स्मृतिभोजन घालू नकोस. आणि वडिलांचे नाव फलकावर लहान राहिले, तरी खंत नको.

मागणारा हात आपल्या पोटासाठी पुढे आला नाही, तर त्यात लाज कसली? मृताला आता आपल्याकडून प्रार्थना हवी आहे. भाकरी हवी आहे ती दारातल्या जिवंत माणसाला. दोघांचे देणे एकाच दिवशी फिटत असेल, तर तो दिवस वेदीपाशी सुरू व्हावा आणि शेजाऱ्याच्या उंबरठ्याशी संपावा.