अडीच वर्षांचा उपासक अशोक आणि 'जन्माने बौद्ध' आपण

'आम्ही जन्माने बौद्ध' असे आपल्यातले अनेक तरुण अभिमानाने सांगतात. मित्रांनो, जन्मावरून ठरणाऱ्या दर्जाविरुद्ध लढणाऱ्यांनी हे सांगावे, हे विचित्र आहे. दहा पारमितांचे पालन करण्याची प्रतिज्ञा बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिली. ते पालन आपण कितपत करतो, हे जन्मदाखल्यावरून कसे कळणार?

सम्राट अशोकाने हा हिशोब उघडपणे मांडला होता. मध्य प्रदेशातील रूपनाथ, बिहारमधील सासाराम, कर्नाटकातील ब्रह्मगिरी अशा दूरदूरच्या ठिकाणी त्याचा एक लघुशिलालेख आहे. त्यात तो सांगतो, की उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला, पण सुरुवातीला आपण फारसा प्रयत्न केला नाही. संघाच्या सहवासात आल्यावर मात्र वर्षभर नेटाने केला. राजे खडकावर विजय कोरतात. हा स्वतःची ढिलाई कोरतो!

त्याच लेखात पुढे म्हटले आहे, की हे फळ फक्त थोरांसाठी नाही, प्रयत्न केला तर लहान माणसालाही मिळते. वर्णव्यवस्थेत पायरी जन्माने ठरते, म्हणून तिथे प्रगती मोजायचा प्रश्नच येत नाही. धम्मात ती प्रयत्नावर ठरते, म्हणून मोजावीच लागते.

अर्थात अशोकाला संत करण्याचे कारण नाही. कलिंग युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख नेली गेली, असे तेराव्या शिलालेखात सांगून तो पश्चात्ताप व्यक्त करतो. पण त्याच लेखात अरण्यवासींना दंडाची धमकीही आहे. शिवाय खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, हा लेख कोरलेलाच नाही. ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली, त्यांच्यासमोर पश्चात्ताप आलाच नाही. माणसाला स्वतःचे चांगले कामच दिसते, वाईट दिसत नाही, हे त्यानेच तिसऱ्या स्तंभलेखात लिहिले आहे.

म्हणून हा हिशोब एकट्याने करून भागत नाही. विनयात त्यासाठी पवारणा आहे. वर्षावास संपताना भिक्खू संघाला विनंती करतो, की माझ्याबद्दल जे पाहिले, ऐकले किंवा ज्याची शंका आली, ते सांगा. आपल्या विहारांत वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, आश्विन पौर्णिमेला समारोप आणि भोजनदान होते. पण विहार कमिटीचा अध्यक्ष उठून उपासिकांना हीच विनंती करतो, असे किती ठिकाणी घडते? येत्या आश्विन पौर्णिमेला भाषणांआधी अर्धा तास यासाठी ठेवा, आणि बोलायला आधी महिलांना सांगा.

जय भीम!