वर्गणी आणि विद्या

वर्गणीचे बळ कामगाराला सांगावे लागत नाही. विद्यापीठांनीही ते ओळखले. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक निधी १८९० साली सुरू झाला. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे दरसाल द्यावे, हा त्याचा पाया.

आपली पवईची आय. आय. टी. १९५८ साली सरकारी पैसा आणि सोव्हिएत साहाय्य यांवर उभी राहिली. तिचे माजी विद्यार्थी नंदन निलेकणी यांनी २०२३ साली संशोधन व सुविधा यांसाठी ३१५ कोटी रुपये दिले. दान थोरच! परंतु हेतू ठरवून दिलेला पैसा त्याच कामी लागतो. एखाद्या विद्यापीठात नवी प्रयोगशाळा झळकते, आणि इतिहासाच्या अध्यापकाची जागा रिकामीच राहते. ती भरायला हजारो हातांची बिनअटीची वर्गणी हवी. जनतेच्या करावर शिकलेल्यांनी एवढे ऋण तरी फेडावे.