टाबर्डचे अंगण

दारूच्या व्यसनाविरुद्ध आम्ही वेदीवरून अनेकदा बोललो आहोत आणि पुढेही बोलू. तेव्हा इंग्लंडमधील जुन्या मद्यगृहांच्या पाडकामाविषयी आम्ही हळहळ व्यक्त करावी, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु ती मद्यगृहे म्हणजे आपल्याकडील गुत्ते नव्हेत. त्या सराया होत्या.

लंडनमध्ये टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर साउथवर्क हा भाग आहे. मध्ययुगात शहरात नदीवर एकच पूल होता आणि त्याचे दरवाजे रात्री बंद होत. उशिरा पोहोचलेला व्यापारी आणि पहाटे दक्षिणेकडे निघणारा यात्रेकरू, दोघेही येथेच मुक्काम करीत. साहजिकच तेथील हमरस्त्यावर सरायांची रांग उभी राहिली. रस्त्याकडे कमान, आत अंगण, भोवती लाकडी सज्जे आणि घोड्यांसाठी तबेले, अशी त्यांची रचना असे. जॉन स्टो यांनी 1598 साली प्रसिद्ध केलेल्या लंडनच्या वर्णनात त्यांपैकी अनेकींची नावे आहेत.

त्यांतली सर्वांत प्रख्यात 'टाबर्ड'. विंचेस्टरच्या हाइड मठाच्या अधिपतींनी चौदाव्या शतकाच्या आरंभी ही जागा घेतली होती. 29 डिसेंबर 1170 रोजी कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये रक्तसाक्षी झालेल्या आर्चबिशप थॉमस बेकेट यांच्या समाधीकडे जाणारे भाविक येथे उतरत. कवी चॉसर यांच्या 'कँटरबरी टेल्स'चा आरंभ याच सराईत होतो. तेथे सरदार, गिरणीवाला, धर्मभगिनी, धर्मगुरू आणि नांगऱ्या एकत्र जेवतात आणि दुसऱ्या दिवशी एकत्र वाटेला लागतात.

पुढे राजा आठवा हेन्री याच्या कारकिर्दीत, 1538 साली, ती समाधी नष्ट करण्यात आली. आपले ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स इंग्लंडमध्ये जन्मले ते यानंतर. यात्रा थांबली, सराई मात्र राहिली. 1676 च्या आगीत जळाल्यावर ती पुन्हा बांधली गेली आणि घोडागाड्यांच्या वाहतुकीवर चालली. 1836 साली पुलाजवळ रेल्वे आली आणि अंगणे ओस पडली. 1873 साली टाबर्ड पाडली गेली. शेजारची 'व्हाइट हार्ट' 1889 साली गेली. त्याच वर्षी 'जॉर्ज' सराईच्या दोन बाजू रेल्वे कंपनीने पाडल्या. उरलेली एक बाजू 1937 साली नॅशनल ट्रस्टकडे आली, म्हणून ती आजही उभी आहे.

लंडनमधील 'ऑक्सफर्ड आर्म्स' ही सराई पाडली जाणार असे कळताच 1875 साली काही जाणत्यांनी संस्था स्थापून जुन्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम आरंभिले. ती सराई वाचली नाही. छायाचित्रे तेवढी राहिली.

या सरायांबरोबर नेमके काय गेले? आमच्या मते, अनोळखी माणसाला हक्काने बसता येईल अशी जागा गेली. प्रभू येशूच्या दाखल्यातील शोमरोनी जखमी वाटसरूला सराईतच नेतो आणि तिच्या रखवालदाराच्या हाती दोन दीनार ठेवतो. शोमरोन्याला आपल्या वाटेने पुढे जाता आले, कारण मागे त्या जखमी माणसाची काळजी घेणारी सराई होती.

आपल्या गावातील एखादी जुनी वास्तू पाडण्याची वेळ आली, तर तिची किंमत ठरवताना तेथे कोण थांबत असे, कोणास पाणी मिळत असे, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे आणि मगच पहारीला हात घालावा, एवढीच वाचकांना आमची विनंती आहे.